मोडायचं कलबूत

पाय गेले हे मास्तरांना कळलं तेव्हा समोरच्या खुर्चीत टपालवाली बसली होती आणि तिच्या उजव्या बुटाचा तळ फाटलेला होता.

पाय म्हणजे गिऱ्हाइकांचे. मास्तर माडीवरच्या राहत्या घरातच दुकान मांडून बूट शिवायचे, पण बाजारात टांगलेले मिळतात तसले नव्हेत. ज्याचा एक पाय आखूड, ज्याची टाच वाकडी, ज्याच्या बोटांवर बोटं चढलेली, अशा माणसांचे. त्यात कातडं मास्तरांचं आणि पाय त्यांच्या बायकोचे, अशी कामाची वाटणी होती. बायको गिऱ्हाइकाचा पाय काचेच्या यंत्रावर ठेवायची, यंत्र चहूबाजूंनी त्याचं चित्र घ्यायचं, आणि मग ती त्या चित्रापुढे ठाण मांडून बसायची. इथलं हाड दुखतं, जागा सोड. इथे पाय आत कलतो, आधार दे. तिच्या या दुरुस्त्यांसकट चित्र कारखान्यात गेलं की तिथून लाकडाचं कलबूत कातून यायचं. कलबूत म्हणजे ज्याच्यावर बूट शिवतात तो लाकडी पाय. ते चुकलं तर कातडं कितीही चांगलं लावा, बूट चावणारच.

ही सगळी चित्रं कपाटावरच्या एका काळ्या पेटीत असायची. तिचं शहाण्या माणसांचं नाव नॅस. घरातल्या वायफायला जोडलेली, आत शेजारी शेजारी दोन हार्ड डिस्क, समोर हिरवे दिवे. बायको तिला कोठी म्हणायची. "कोठी भरलेली असली की बाईला झोप लागते," असं तिचं म्हणणं. तिला जाऊन चौथा महिना चालू होता. तोवर मास्तर आधीच कातून आलेल्या कलबुतांवर काम उरकत होते. टपालवालीचं जुनं कलबूत मात्र तडकलं होतं, म्हणून कोठी उघडायची वेळ आली ती तिच्यासाठी, पहिल्यांदाच.

मास्तरांनी उघडली. "बिलं" नावाचं फोल्डर होतं, "नमुने" होतं, "मोडायचे" होतं. बायकोच्या नावाचं नव्हतं. सगळी गिऱ्हाइकं त्यातच होती.

"काय झालं मास्तर? पाय हरवला की काय माझा?" टपालवालीने हसत विचारलं.

"हरवतोय कुठे? असेल इथेच."

"बघा बाई नीट. हरवायचाच असेल तर आखूड असलेला हरवा." मग ती जरा गंभीर झाली. "ताईंनी केलेले बूट घालून जिने चढताना मला आठवायचंच नाही, कुठला पाय आखूड आहे ते. तसलेच द्या हं. दुसरं काही नको."

मास्तर हो म्हणाले, ती गेली, आणि मग ते दार लावून पुन्हा शोधायला बसले. नाव होतं तिथे मोकळी जागा होती. गिऱ्हाइकाचा पाय परत मोजता येईल, ते अवघड नव्हतं. पण त्यावर बायकोने केलेला विचार कोण परत करणार? ती आता कुणाच्या पायाचा विचार करणार नव्हती.

आता इथे कामाची एक रीत सांगायला हवी. मास्तर ज्यांच्या हाताखाली शिकले त्या उस्तादांचा नियम होता, की गिऱ्हाईक वारलं की त्याचं कलबूत ठेवायचं नाही. करवतीने दोन तुकडे करायचे आणि शेगडीत घालायचे. "मांडणी चालणाऱ्या माणसांची आहे," उस्ताद म्हणायचे. मास्तरांनी ही रीत जन्मभर पाळली. कोठी आली तेव्हा बायकोने ती तिथेही नेली. एखादं गिऱ्हाईक गेलं की त्याचं फोल्डर ती "मोडायचे"मध्ये सरकवायची, आणि दर रविवारी पहाटे "मोडायचे" आपोआप रिकामं व्हायचं, कायमचं. हाताने पुसायला तिचा जीव होत नसे, म्हणून तिने जावयाकडून तसं करून घेतलं होतं.

बायको गेली तेव्हा लेकीने विचारलं होतं, "बाबा, आईचं कलबूत?"

"मोडलं," मास्तर म्हणाले होते. "रीत म्हणजे रीत."

मोडलं नव्हतं. रापी, आरी अशी हत्यारं ठेवायच्या खणात, मऊ कातड्यात गुंडाळून ते पडून होतं. करवत दोनदा हातात घेतली होती आणि दोनदा खिळ्याला परत अडकवली होती.

तर मास्तरांनी गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. जावई कंपनीत कॉम्प्युटरचीच कामं करायचा, ही कोठी त्यानेच आणून बसवलेली, पण त्याला बोलवावं असं मास्तरांना का कोण जाणे वाटलं नाही.

दुरुस्तीवाल्याने दिवे पाहिले, वायरी हलवल्या, बरंच खालीवर केलं. "काका, पेटी ठणठणीत आहे. कुणीतरी पुसलंय."

"दोन डिस्क आहेत ना आत? एकीतलं पुसलं तर दुसरीत असेल की."

"अहो, त्या जुळ्या बहिणी आहेत. एक आजारी पडली तर दुसरी घर सांभाळते, तेवढ्यासाठी दोन. पण एकीला पूस म्हणालात की दुसरीही तेव्हाच पुसते. बिघाडावर इलाज आहे, माणसावर नाही."

"आणि ही मागे वायरीला लटकलेली तिसरी डिस्क?"

"ही रोज रात्री कोठीची नक्कल करते. कोठी रिकामी, तर ही पण रिकामी. नकल्या तो नकल्याच."

"पुसलं कुणी?"

दुरुस्तीवाला पडद्यावरच्या नोंदी खाली सरकवत राहिला. मग त्याने बायकोचं नाव वाचलं. "या कोण? मागच्या महिन्यात यांनीच ते इथून काढलंय. टॅबवरून. आणि घरातून नाही, बाहेरून."

"ती माझी बायको. ती त्याआधीच गेली."

दुरुस्तीवाल्याने जीभ चावली. वायर गुंडाळत म्हणाला, "मग काका, पासवर्ड कुणाला माहीत आहे ते बघा. मी काय, परका माणूस."

पासवर्ड कुणाला माहीत होता? जावयाला. त्यानेच घालून दिले होते सगळ्यांचे. टॅब कुठे होता? लेकीकडे, आठवण म्हणून नेलेला, म्हणजे जावयाच्याच घरात. आणि संशयाचं असं असतं, की एकदा आत घेतला की तो आपल्या नातलगांनाही बोलावून घेतो. बायको गेल्याच्या आठवड्यात जावई म्हणाला होता, "बाबा, कोठी आमच्याकडे नेऊ का? इथे कोण बघणार?" तेव्हा ते मायेचं वाटलं होतं. त्याचा एक मित्र मोठ्या बूटकंपनीत होता आणि असल्या पायांच्या मापांना तिथे मागणी असते, हेही जावयानेच कधीतरी जेवताना सांगितलं होतं. तेव्हा ते गप्पांमधलं वाटलं होतं. आता मास्तरांना एकेक वाक्य उलटं करून पाहावंसं वाटू लागलं, गिऱ्हाइकाने बूट उलटा करून शिवण पाहावी तसं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

लेकीबद्दल त्यांच्या मनात काही आलं नाही. ती पोटची पोर.

आणखी एक गोष्ट त्यांना ठाऊक होती. मागे लटकलेल्या डिस्कला एक जोडीदारीण होती. बायको दर महिन्याला त्यांची अदलाबदल करायची. एक कोठीला, एक लेकीच्या घरी. घराला आग लागली, चोरी झाली, तरी एक प्रत बाहेर राहावी म्हणून. बायको गेल्यावर अदलाबदल थांबली, म्हणजे लेकीकडच्या डिस्कवर सगळे पाय शाबूत असणार. चोराच्याच घरात आपला माल, आणि त्याला अजून हात न लागलेला. मास्तरांनी ठरवलं, काही गेलंय हे बोलायचं नाही. चोराला सावध करायचं नाही. हसतखेळत जायचं आणि आपली वस्तू घेऊन यायचं.

सुट्टीच्या दिवशी ते लेकीकडे जेवायला गेले. पानं मांडली आणि जावयाचा फोन वाजला. तो उठून गॅलरीत गेला, दार ओढून घेतलं. काचेतून त्याची मान तेवढी हलताना दिसत होती.

तो परत आला तसं मास्तरांनी विचारलं, "काय जावईबापू, सुट्टीतही ऑफिस?"

"साहेबांना सुट्टी मानवत नाही, बाबा."

"साहेबच होते ना?"

लेक वाढता वाढता थांबली. "मग दुसरं कोण असणार? याला आणखी कुणी फोन करेल असं वाटतं तुम्हाला? मीसुद्धा करत नाही."

जावई हसला. मास्तरही हसले, पण त्यांचं लक्ष त्याच्या हातांकडे होतं. "तो तुमचा बूटकंपनीतला मित्र काय म्हणतो?"

"तो? नोकरी सोडली त्याने. का हो?"

"सहज. आणि हिच्या आईचा टॅब?"

"माझ्याकडे आहे, बाबा," लेक पटकन म्हणाली आणि भाताचं भांडं घेऊन आत गेली. मास्तर बघत होते जावयाकडे. जावई पाणी पीत होता. पाणी पिताना माणसाला डोळे ग्लासात लपवता येतात.

जेवणं झाल्यावर मास्तरांनी विषय काढला. "ती डिस्क आहे ना तुमच्याकडे, हिच्या आईने ठेवलेली. ती नेतो म्हणतो."

"कशाला बाबा? राहू दे की इथेच," जावई म्हणाला. "एक प्रत घराबाहेर हवी, असं आईंशी ठरलं होतं माझं."

"ठरलं होतं तिच्याशी. ती नाही आता."

मग लेक नवऱ्याला म्हणाली, "दे ना रे. त्यांची वस्तू आहे."

जावयाने स्टूल घेतलं, कपाटावरचा बुटांचा खोका काढला, त्यातून रुमालात बांधलेली डिस्क काढून मास्तरांच्या हातात ठेवली. ठेवली, पण लगेच सोडली नाही. "बाबा, एक ऐका. मला विचारल्याशिवाय कोठीला लावू नका ही. मी येतो ना संध्याकाळी."

"बरं," मास्तर म्हणाले.

वाटेभर त्यांच्या डोक्यात तेच वाक्य. मला विचारल्याशिवाय लावू नका. का बरं? आत काय आहे ते आम्ही पाहू नये म्हणून? संध्याकाळी स्वतः येऊन काय करणार? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. घरी पोहोचेपर्यंत लावायचंच, हे पक्कं झालं. धोका त्यांनाही माहीत होता, दुरुस्तीवाल्याने सांगितलाच होता की नक्कल रात्री होते. रात्रीच्या आत काढून घेतली की झालं. आपण काही अगदीच अडाणी नाही.

त्यांनी जुनी डिस्क काढली आणि त्याच वायरीला ही लावली. दिवा लागला आणि लुकलुकू लागला. बायको असा दिवा दिसला की म्हणायची, "जेवतेय बघ कोठी." मास्तरांना बरं वाटलं. ते चहा टाकायला गेले. कप घेऊन परत येईपर्यंत दिवा शांत झाला होता. त्यांनी डिस्क उघडली.

"बिलं." "नमुने." "मोडायचे." आणि मोकळी जागा.

मास्तरांनी कप कुठे ठेवला ते त्यांनाही नंतर आठवलं नाही. त्यांनी जावयाला फोन लावला. "धुऊन दिलीत होय? कोठी पुसलीत ती पुसलीत, ही पण पुसून मग हातात दिलीत? तिचं सगळं काम होतं हो यात! कितीला विकलंत?"

मग जावई म्हणाला, "कोठी पुसली? म्हणजे काय? आणि तुम्ही ती लावलीत?"

"लावली. माझी कोठी आहे."

"किती वेळ?"

"चहा होईस्तोवर."

"काढा, बाबा. आत्ता ओढून काढा. आणि आता कशालाही लावू नका. आम्ही निघालोच."

दोघं आले. जावयाने चपला काढायलाही वेळ घेतला नाही, कधी नव्हे तो तसाच आत आला आणि कोठीसमोर बसला. मास्तर त्याच्या मागे उभे राहिले, त्याने काही लपवू नये म्हणून.

"डिस्क बदलली की कोठी रात्रीची वाट बघत नाही," जावई पडद्याकडे बघत म्हणाला. "लगेच नक्कल करते. आईंनीच तसं करून घेतलं होतं, विसरायला नको म्हणून. कोठीत जे नाही ते नकलेतूनही काढून टाकते. कोठी रिकामी होती, म्हणून तिने हीसुद्धा रिकामी केली. तासाभरापूर्वी यात सगळं होतं, बाबा."

"आणि कोठी कुणी रिकामी केली? बाहेरून, टॅबवरून, तिच्या नावाने? दुरुस्तीवाल्याने दाखवलंय मला सगळं."

"मी केलं," लेक म्हणाली.

ती दाराशीच उभी होती. मास्तरांना आधी वाटलं, नवऱ्याला वाचवायला म्हणतेय.

"आईचं फोल्डर मी 'मोडायचे'मध्ये टाकलं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात ना, लाकडाचं मोडलं म्हणून. मला वाटलं, यंत्रातलं राहिलंच असेल. ते तुम्हाला करायला लावायचं नव्हतं. एवढं एक आपण करू म्हटलं. तिचं नाव दिसलं, मी सरकवलं."

"अगं, तिच्या नावात सगळी गिऱ्हाइकं होती. यंत्र तिच्या नावावर चालायचं. उघडून नाही पाहिलंस?"

"कशी उघडू? तिचे पाय असणार ना आत."

मास्तर खणाकडे बघू लागले. तोंड उघडलं होतं, शब्दही तयार होते. पण जे बाहेर आलं ते वेगळंच. "रीत होती. तू रीतच केलीस."

लेक रडायला लागली. जावई उठला नाही. पडद्याकडे तोंड ठेवूनच तो म्हणाला, "पहिल्याच दिवशी मला एक फोन केला असता ना बाबा, तर डिस्क आमच्या घरी शाबूत होती. दहा मिनिटांचं काम होतं."

"चोराला कोण फोन करतं?" मास्तरांच्या तोंडून निघून गेलं. तसं म्हणायचं नव्हतं त्यांना. मला तेव्हा तसं वाटत होतं, असं म्हणायचं होतं. पण बोललेलं परत शिवता येत नाही.

जावयाने मान हलवली. "खरंय. नाही करत." त्याने डिस्क पुन्हा रुमालात बांधली. "यावर आता काही लिहिलं गेलं नाही, तर थोडंफार परत निघतं. पुसलेलं काढून देणारे लोक आहेत. मी घेऊन जाऊ? की दुसऱ्या कुणाच्या हाती देता?"

"न्या," मास्तर म्हणाले.

डिस्क परत आली तेव्हा बरेचसे पाय निघाले होते. दुरुस्त्यांसकट निघाले. नावं मात्र गेली होती. फोल्डर गेले, तारखा गेल्या, राहिले नुसते आकडे आणि आकड्याखाली एकेक पाय. कोणता कुणाचा, काही पत्ता नाही. जावयाने ते कोठीत भरून दिलं, "मोडायचे"चं आपोआप पुसणं बंद केलं, आणि आता काही काढलं तरी जुनी अवस्था महिनाभर मागे जाऊन मिळेल अशी सोय करून ठेवली. सगळं नीट समजावून सांगितलं, मास्तरांच्या हातून दोनदा करून घेतलं. चहा घेतला नाही.

"आणि बाहेरची प्रत?" मास्तरांनी विचारलं. "न्या की तुमच्याकडे."

"नको बाबा. कुणातरी भरवशाच्या माणसाकडे ठेवा."

तो हे हसून म्हणाला असता तर बरं झालं असतं.

टपालवालीचा पाय मास्तरांना दुसऱ्याच बैठकीत सापडला. आखूड पायाच्या करंगळीखाली बायकोने जी जागा सोडली होती ती त्यांनी बोटाने ओळखली असती, इथे डोळ्याने ओळखली. कलबूत कातून आलं, बूट झाले. टपालवालीने दुकानात चार फेऱ्या मारल्या, जिना दोनदा चढली-उतरली आणि म्हणाली, "ताईंचेच आहेत हो हे." मास्तर मान खाली घालून दोऱ्याची टोकं कापत राहिले.

आता लेक आठवड्यातून एकदा येते. दोघं पडद्यापुढे बसतात. पाय फिरवून फिरवून बघायचा, कुणाचा ते आठवायचं, नाव लिहायचं. लेकीला मजा येते. "हा बघा बाबा, हा त्या मुख्याध्यापकांचा. पाय पण रागावल्यासारखा आहे." आईच्या दुरुस्त्यांवरून ती बोट फिरवते, मग पुढचा पाय उघडते. जावई तिला खाली सोडतो आणि गाडीतच बसून राहतो.

मागच्या खेपेला निघताना तिने विचारलं, "बाबा, यात आईचे पाय नाही निघाले का कुठे?"

मास्तरांना ते पहिल्याच दिवशी दिसले होते. डाव्या पायाची दोन बोटं एकमेकांना चिकटलेली, टाच लहान मुलीसारखी अरुंद. त्यांनी त्या आकड्यापुढे नाव लिहिलेलं नाही.

"अजून तरी नाही," ते म्हणाले.

लेकीने बरं म्हटलं आणि जिना उतरली. खाली गाडी चालू झाल्याचा आवाज आला.

बाहेर ठेवायची प्रत रुमालात बांधून दुकानातच पडली आहे. जावयाची माफी मागून झालेली नाही. खणातलं कलबूत मोडलेलं नाही, आणि ते मोडलं नव्हतं हे लेकीला सांगायचं राहिलं आहे.